हरणे घटली तर पाणवठ्यावर कळेल का?

पाटोदा तालुक्यातील नायगाव अभयारण्य १९९४ पासून मोरांसाठी राखीव. तिथल्या हरणांकडे लक्ष जाते ते पिकात शिरल्यावरच! अमेरिकेत म्यूल हरणांचे कळप घटले की पहिली ओरड परवानाधारक शिकारी करतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच. पण माळाची खडान्‌खडा माहिती असलेल्या पारध्यांना गणनेला कोण बोलावतो? बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजले जातात. काळवीट मात्र दिवसा माळावर चरते. चिंकारा तर चाऱ्यातल्या ओलाव्यावर दिवसचे दिवस काढतो. मग त्या एका रात्रीच्या आकड्यावर विसंबायचे कसे? वन विभागाने माळावर दिवसा मोजणी करावी, आणि पारधी, मेंढपाळांना रोज देऊन सोबत न्यावे.