चिवडा तुमचा, पिशवीवर नाव दुसऱ्याचं?



"काम चांगलं करा, नाव आपोआप होतं." धंद्यात हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. मला ते अर्धंच खरं वाटतं. का, ते एका खेळाडूवरून सांगतो.

केन अँडरसन. नाव ऐकलंय? बहुतेक नसेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे, कधी द्यायचा हे क्षणात ठरवणारा माणूस. अँडरसन छोट्या कॉलेजातून आला. १९७१ साली सिनसिनाटी बेंगल्सने त्याला ६७ व्या क्रमांकावर निवडलं आणि तो तिथेच १६ हंगाम खेळला.

तिथे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला घडवलं. पद्धत साधी : लांब फेकून नशीब आजमावण्यापेक्षा जवळचा, नेमका पास द्यायचा आणि थोडं थोडं पुढे सरकायचं. थेंबे थेंबे तळे साचे! पुढे वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ही पद्धत गाजली 'वेस्ट कोस्ट' नावाने. रुजली सिनसिनाटीत, नाव झालं पश्चिम किनाऱ्याचं.

१९८१ च्या हंगामात अँडरसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी १९८२ च्या सुपर बोलमध्ये समोर कोण? वॉल्श यांचाच संघ! मध्यंतरालाच बेंगल्स २०-० ने मागे. अँडरसनने ३४ पैकी २५ पास अचूक दिले, पण दोन विरोधकांच्या हातात गेले. सामना २६-२१ ने गेला. समोरचा जो मोंटाना स्टार झाला. अँडरसनसाठी मात्र हॉल ऑफ फेमचं दार निवृत्तीनंतर कित्येक दशकं उघडलं नाही.

आता खरी गोष्ट ऐका. हरल्यानंतरच्याच हंगामात, १९८२ मध्ये, त्याचे ७०.६ टक्के पास अचूक होते. संपामुळे सामने नऊच झाले, पण हा विक्रम २००९ पर्यंत टिकला. म्हणजे मोठा डाव हातचा गेला, तरी त्याने हात बिघडू दिला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन वह्या ठेवा.

पहिली कामाची : किती ऑर्डर वेळेवर गेल्या, किती गिऱ्हाईक परत आलं. मोठं टेंडर हुकलं म्हणून ही वही बंद करायची नाही.

दुसरी नावाची. तुम्ही चिवडा बनवता आणि पिशवीवर दुकानदाराचं नाव असतं, तर उद्या तोच चिवडा तो दुसऱ्याकडून घेईल आणि गिऱ्हाइकाला कळणारही नाही. तेव्हा पिशवीवर आपलं नाव, फोन नंबर घालायचा आग्रह धरा. दुकानदार नाहीच म्हणाला, तर थोडा माल तरी स्वतःच्या नावाने विका.

पहिली वही पूर्ण आपल्या हातात असते, दुसरी अर्धीच. पण ती अर्धीसुद्धा कोरी सोडू नका. या आठवड्यात एवढंच करा : तुमच्या मालावर तुमचं नाव कुठे आहे, ते बघा.