डोंगर जाणणाऱ्यांना विचारणार कधी?

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीला सह्याद्रीने भरभरून दिले आहे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी तीव्र उतारावरून खाली आणून १९१५ साली येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. मात्र जो पाऊस आणि जो उतार वीज देतो, तोच दरडही खाली आणतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते!

अशा याद्या कोणी आणि कोणाला विचारून करायच्या, या प्रश्नाचे उत्तर डॉ. माधव गाडगीळ यांच्या विद्याव्यासंगात सापडते. १९४२ साली पुण्यात जन्मलेल्या गाडगीळांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले. वा. द. वर्तक यांच्यासमवेत त्यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. ज्या श्रद्धेची सुशिक्षितांनी टिंगल केली, तिनेच पिढ्यान्‌पिढ्या अरण्याचे तुकडे राखले, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तीन दशके संशोधन करतानाही गावकऱ्यांचे ज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा आधार राहिला.

२०१० साली केंद्र सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेल्या अहवालाने संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानला, त्याचे तीन स्तर सुचविले आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करूनच व्हावा, असे बजावले. हा अहवाल जनतेसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर. पाठोपाठ नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने संवेदनशील क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. त्यानंतर मसुद्यांमागून मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. वायनाडमध्ये डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा!

हा अहवाल विकासविरोधी आहे, अशी हाकाटी झाली. निर्बंध वरून लादले जातील, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. वनखात्याचा अनुभव त्याला पुरेसा आहे. पण त्या भीतीवरचा उपाय अहवालातच होता. सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील ठरवावीत, असे ठराव स्वतःहून केले. त्या गावांना विकास नको होता काय? त्यांना आपल्या डोंगराचा निर्णय आपल्या हाती हवा होता. ज्यांना खरोखर विचारले गेले, त्यांनी काय उत्तर दिले असते, हे त्यातून दिसते.

आजही वेळ गेलेली नाही. खोपोली-कर्जतच्या महाविद्यालयांतील तरुणांनी वाडीवाडीवर जावे. कोठे भेगा पडल्या, कोठला झरा गढूळ झाला, कोठे उतार खोदला गेला, हे तेथील वृद्धांकडून जाणून नकाशावर उतरवावे. त्या नोंदी ग्रामसभेने ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात आणि प्रशासनाने त्यांना यादीत स्थान द्यावे. या विषयातील विद्वत्तेचे चीज गौरवसमारंभांनी होत नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी एखादी वाडी सुरक्षित जागी हलली, तर होते.