कानाच्या पेटंटांचा हिशेब

नाशिकरोडला आमचं मेडिकल आहे. कानात घालायचे थेंब नेणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आतपर्यंत जातं ना हे?" नाही जात. पडदा शाबूत असेल तर थेंब तिथेच अडतात. ऐकण्याचं खरं काम चालतं ते त्याच्याही पलीकडे, शंखासारख्या कुहरात. रक्तातूनही तिथे औषध जेमतेम पोचतं. म्हणून कानाचे डॉक्टर पडद्यातून बारीक सुई घालून स्टेरॉइड सोडतात. त्यातलंही बरंचसं घशात उतरून जातं.

जे लिक्टर या अमेरिकन माणसाला स्वतःलाच मेनिएरचा, म्हणजे चक्कर आणि बहिरेपणाचा आजार होता. त्याने सहकाऱ्यांबरोबर थंड असताना पातळ आणि कानाच्या उबेने घट्ट होणाऱ्या जेलवर पेटंटं घेतली, २००८ मध्ये ओटोनॉमी कंपनी काढली. या जेलमधलं प्रतिजैविक २०१५ मध्ये मंजूर झालं, पण मेनिएरसाठीचं स्टेरॉइड २०२१ मध्ये चाचणीत नापास झालं आणि पुढे कंपनीही गुंडाळली गेली. असल्या पेटंटाबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू नवी होती, जोखीमही खरी होती. शिवाय आपल्या १९७० च्या कायद्यात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. जेलला मिळेल, डॉक्टरांच्या सुई टोचण्याला नाही. शहाणपणाचं कलम आहे.

पण आपल्याकडे कानांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं ठरलेलं पेटंट कानाच्या औषधाचं नव्हतंच. ते होतं क्षयाच्या गोळीचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर महिनोन्‌महिने कानामायसिनची इंजेक्शनं दिली जात. एका कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. या औषधाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. या इंजेक्शनांची जागा घेऊ शकणारी बेडाक्विलिनची गोळी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तरी आपल्याकडे ती बरीच वर्षं मोजक्याच रुग्णांच्या हाती पडत होती. जॉन्सन अँड जॉन्सनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं; कंपनीला त्याच औषधाच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षं हवी होती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. टीबीच्या उपचारांतच दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना स्वस्त गोळी बनवायची वाट मोकळी झाली.

पेटंट देण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं, या तरतुदीमुळे हे घडलं. २०२४ च्या नव्या नियमांनी नेमक्या याच हरकतीला फी लावली आणि ती दाखल करून घ्यायची की नाही, हे आधी अधिकाऱ्याने ठरवायचं अशी चाळणीही बसवली. उगाच हरकती घेऊन अर्ज लटकवणारे असतात, हे मान्य. त्यांना दंड करा. पण रुग्णांना आणि त्यांच्या संघटनांना फी माफ हवी, आणि हरकत दारातच परत पाठवली तर त्याची कारणं लेखी मिळायला हवीत. आमच्या नाशिकच्या फार्मसी कॉलेजांनीही गोळ्या-मलमांबरोबर पोरांना एखादा पेटंट अर्ज वाचायला शिकवावा.