पहिला नंबर म्हणजे उत्तर नव्हे

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

मास स्पेक्ट्रोमीटर अनोळखी पदार्थाचं अचूक वस्तुमान सांगतो, नाव नाही. १९४.०८०४ आलं, त्यावरून सूत्र काढलं सी८एच१०एन४ओ२, पण या सूत्राची संयुगं ढीगभर! २०१२ मध्ये जेम्स लिटल आणि सहकाऱ्यांनी केमस्पायडर हा डेटाबेस वापरून दाखवलं की ज्याचे संदर्भ सर्वांत जास्त, तेच बहुधा उत्तर. इथे कॅफीन.

मला ही चक्क चीटिंग वाटली. ज्याचं नाव जास्त छापून आलं, तोच चोर? नंतर पटलं. नमुन्यात सापडतं ते बहुतेकदा माणसाने वापरलेलं, अभ्यासलेलंच असतं.

तरी माझं भांडण आहेच. सिएटलच्या परिसरातल्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सॅमन मासे मरायचे. संशोधकांना विषाचं सूत्र मिळालं, सी१८एच२२एन२ओ२, पण टायरच्या रसायनांत ते कुणी नोंदवलेलंच नव्हतं. मग टायरमधल्या ६पीपीडीवर ओझोनची क्रिया होऊन हे बनत असेल, असा त्यांनी तर्क केला, लॅबमध्ये बनवून ताडून पाहिलं आणि २०२० मध्ये जाहीर केलं. संदर्भ मोजत बसले असते तर?

म्हणून यादीतलं पहिलं नाव फक्त संशयित. शुद्ध नमुन्याशी जुळवल्याशिवाय रिपोर्टात ते छापू नये. आम्ही मात्र सॉफ्टवेअरने दिलेलं पहिलं नाव सरळ जर्नलमध्ये उतरवतो. मीसुद्धा, मागच्याच सेमिस्टरला.