शेवटच्या नळाचा हिशेब

मांडवगण फराट्याच्या बाजूला पाणीपुरवठ्याचा विषय निघाला की ठरलेली उत्तरे मिळतात. भीमा उशाला आहे, पाण्याला काय तोटा? नळ तर घरोघर आले. आणि मोजमापे वगैरे शहरांच्या महापालिकांनी करावीत, खेड्यात कुठे मीटर लावत बसणार? या प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य आहे. म्हणून तर ती टिकून आहेत, आणि म्हणूनच ती खोडून काढणे भाग आहे.

आधी नदीचे बघू. शिरूर तालुक्याचा हा पूर्व भाग भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला. बंधाऱ्यांत पाणी अडते, उसाला मिळते, हे मान्य. पण भीमेतून इथवर येते ते पाणी कसले? वर रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या संगमावर मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊनच. त्यातले बरेच प्रक्रिया न होताच नदीत सुटलेले असते. शिवाय काठाने ऊस, उसाला युरिया, आणि त्यातले नायट्रेट झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरण्याचा धोका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने मरत नाही, डोळ्यांना दिसतही नाही. नदी भरलेली असणे आणि पिण्याचे पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घरात नळ असूनही वीस लिटरचा जार विकत येतो, त्या घराने योजनेबद्दल आपले मत देऊन टाकलेले असते. ते कोणत्याही तक्त्यात चढत नाही, एवढेच.

आता नळांचे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज ही संख्या 15 कोटींच्या पुढे गेली आहे. हे काम मोठे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मिशनने स्वतःच चालू नळाची व्याख्या करून ठेवली आहे: माणशी रोज 55 लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे आणि नियमित. नुसती जोडण्यांची संख्या पुढे करणारा माणूस त्याच योजनेचा कागद अर्धा वाचतो.

याची परीक्षा कोणीही घेऊ शकतो. पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवा, मोबाइलवर वेळ लावा. तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर हवेत, म्हणजे नळ 55 मिनिटे चालायला हवा. पाणी एक दिवसाआड अर्धा तास येत असेल तर हिशेब माणशी 15 लिटरवर येतो. आणि ही बादली टाकीखालच्या आळीत भरून चालणार नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या घरी, शेजाऱ्यांनी नळाला थेट मोटारी लावलेल्या असताना, एप्रिलच्या शेवटी भरायची.

मोजमाप शहरी आहे हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. शहरांसाठी केंद्राने 2008 मध्ये निकष ठरवले हे खरे: माणशी 135 लिटर, सर्व जोडण्यांना मीटर, गळती आणि बिनहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत. पण ग्रामपंचायतीची ओटी टेस्ट काय आहे? काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब. पिवळेपणा आला तर क्लोरीन उरला आहे, पाणी पांढरेच राहिले तर नाही. हे मोजमापच आहे. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. ही चाचणी टाकीजवळ घेतली की रंग हमखास येतो. शेवटच्या वस्तीवर घेतली की खरे कळते. शेजारच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. या मातीत पाण्याचा हिशेब नवा नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, तेव्हा ते काही महानगर नव्हते. आणि महानगरच हवे असेल तर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घ्या: 1993 मध्ये तिथले सुमारे 72 टक्के पाणी गळती-चोरीत जात होते, मीटर, गळतीशोध आणि चोख बिले यांच्या जोरावर ते प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले.

प्रशासनाचा लाडका निकष पाणीपट्टीच्या वसुलीचा. वसुली हवीच. मात्र वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल आणि जळालेली मोटार यांचा खर्च पट्टीत धरलेलाच नसेल, तर शंभर टक्के वसुली होऊनही योजना तोट्यात जाते. ते खिंडार पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून बुजवले जाई. त्या आयोगाचा कालावधी 2025-26 पर्यंतचाच होता. अनुदानावर उभी राहिलेली योजना चालू म्हणता येईल, टिकाऊ म्हणता येणार नाही.

मग मोजायचे काय? शेवटच्या नळाची बादली आणि तिथलाच क्लोरीन. उद्भव विहिरीची पातळी, पावसाळ्याआधी आणि नंतर. हजार लिटर पाणी चढवायला लागलेली वीज. हा आकडा वाढू लागला तर पंप झिजला, जलवाहिनी फुटली किंवा विहीर खोल गेली, यांपैकी काहीतरी घडले आहे. आणि वर्षाचा खर्च पट्टीशेजारी लिहिलेला. एवढे एका फळ्यावर मावते. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे असे मिशनमध्येच ठरले आहे; हे आकडे त्यांनी घ्यावेत, पाणी सोडणाऱ्याने नव्हे. आकडे वाईट आले तर गावाची बदनामी होईल, असे म्हणणारे भेटतील. बदनामी कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीने होते, फळ्याने होत नाही.

1 मे रोजी ग्रामसभा असते, ऐन उन्हाळ्यात. मांडवगणसह भीमाकाठच्या प्रत्येक गावातल्या सरपंचांना आणि पाणीपुरवठा समितीच्या भगिनींना विनंती आहे: त्या सभेत नळजोडण्यांची संख्या वाचण्याआधी शेवटच्या घराच्या बादलीचा आकडा वाचा, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.