सत्यप्रत नव्हे, मसुदा

‘संगणकात जिवंत पेशी घडवली!’ अशा थाटाचे मथळे अधूनमधून वाचनात येतात. माझ्या मते ते त्या संशोधनावरच अन्याय करतात. मी कला शाखेचा, पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. पण मुळातलं काम समजून घेतलं तर ते मथळ्याहून कितीतरी सुरस आहे.

2016 साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने अवघ्या 473 जनुकांचा जिवाणू तयार केला. जगायला-वाढायला लागेल तेवढंच ठेवून बाकीचं गाळलेलं. गंमत म्हणजे त्यातली 149 जनुकं नेमकं काय करतात, हे तयार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं! पुढे त्याच्याच 493 जनुकांच्या सुधारित आवृत्तीची संगणकीय प्रतिकृती इलिनॉय विद्यापीठातल्या झायडा लुथी-शुल्टेन यांच्या गटाने 2022 साली प्रसिद्ध केली. त्रिमितीय प्रतिकृतीत पेशीच्या आयुष्यातली वीस मिनिटं उतरली होती.

हे साधलं ग्राफिक्स प्रोसेसरमुळे. व्हिडिओ गेममधली चित्रं भराभर रंगवण्यासाठी जन्मलेली ही चिप. कचेरीच्या भाषेत सांगायचं तर साधा प्रोसेसर म्हणजे मुरलेला हेडक्लार्क. कितीही गुंतागुंतीची फाईल द्या, निपटतो. पण एका वेळी थोड्याच. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे हजारो नवशिके कारकून, सगळ्यांना एकाच तऱ्हेचं सोपं काम दिलेलं. पेशीचे बारीक कप्पे पाडायचे. कुठल्या कप्प्यातला रेणू शेजारी सरकेल, कुणाशी संयोग पावेल, याचा हिशेब सगळ्यांनी एकदम करायचा. तोही जणू फासे टाकून! कारण पेशीत कित्येक रेणू मोजकेच असतात, आणि मोजक्यांच्या बाबतीत सरासरी फसवते. म्हणून तीच पेशी पुन्हा पुन्हा चालवून पाहावी लागते. दर खेपेला उत्तर थोडं वेगळं.

एवढ्या खटाटोपातून हाती काय लागतं? माझ्या मते, आपलं अज्ञान नेमकं कुठे आहे त्याचा पत्ता. ज्या जनुकाचं काम आपल्यालाच माहीत नाही, त्याचा नियम संगणकाला कोण सांगणार? यंत्र कितीही वेगवान असो, त्या प्रतिकृतीवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारता येत नाही. तो मसुदा आहे. प्रयोगशाळेतल्या खऱ्या पेशीशी ताडून दुरुस्त करत जायचा. उद्या अशा मसुद्यांवरून औषधं ठरू लागली, तर हा फरक विसरणं रुग्णाच्या जिवावर बेतेल.

‘हे विज्ञानवाल्यांचं, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणणाऱ्यांना गोव्यातच जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण करून द्यावीशी वाटते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या या माणसाने 1940 च्या दशकात जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र मांडलं. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदल्या!

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी असा मथळा दिसला की थक्क जरूर व्हा. पण दोन प्रश्नही विचारा. या प्रतिकृतीत काय काय गाळलं आहे? आणि ती खऱ्या पेशीशी कुठवर ताडून पाहिली आहे?