कशाचे टेन्शन?

आपल्या बोलण्यात आज सर्वांत जास्त फिरणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी बेधडक 'टेन्शन' असे उत्तर देईन. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसेही हा शब्द सहज उच्चारतात. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्याला टेन्शन, मुलीचे लग्न जमेना म्हणून बापाला टेन्शन, सोयाबीन पिवळे पडू लागले म्हणून शेतकऱ्याला टेन्शन! त्याच्या मागोमाग प्रॉब्लेम, डिस्टर्ब, स्ट्रेस, डिप्रेशन ही मंडळीही आलीच. दुःखाचा सातबारा जणू या चार-पाच शब्दांच्या नावे झाला आहे. हे बरे की वाईट, याचा थोडा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगतो, परका शब्द आला म्हणून भाषा बाटली असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. तकलीफ, फिकीर, हैराण, बेजार, जुलूम, आफत हे शब्द तरी आपले कुठे होते? फारसी-अरबीतून ते आले आणि घरचे झाले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी लोकांच्या तोंडची 'फिकीर' गेली नाही. एवढेच काय, 'त्रास' हा शब्द अस्सल संस्कृत. पण संस्कृतात त्याचा अर्थ भीती. मराठीत येऊन तो पीडा झाला. तेव्हा शब्दाची जात विचारण्यात अर्थ नाही. तो काय काम करतो, हे पाहिले पाहिजे.

मजा अशी की, हे इंग्रजी शब्दही मुळात पोकळ नाहीत. टेन्शनच्या मुळाशी लॅटिनमधील ताणण्याचा अर्थ आहे. आपला 'ओढाताण' हा शब्द नेमके तेच सांगतो. 'ट्रबल'च्या मुळाशी गढूळपणा आहे. पाणी ढवळले की गढूळ होते, तसे मन. आणि 'डिस्ट्रेस'? त्याच्या मुळाशी आवळून धरणे आहे. जिल्ह्याला आपण डिस्ट्रिक्ट म्हणतो, तो शब्द याच मुळाचा. जुन्या इंग्रजी कायद्यात डिस्ट्रेस म्हणजे थकलेल्या भाड्यापोटी माल ताब्यात घेणे, म्हणजे आपली जप्ती! जप्ती आणि मनस्ताप यांना एकच शब्द आहे, हे वाचून मी क्षणभर थांबलो. ज्या घरी नोटीस येते, त्या घराला ही व्युत्पत्ती शिकवावी लागत नाही.

म्हणजे दोष इंग्रजीचा नाही. दोष आहे तो सगळी दुःखे एकाच पोत्यात भरण्याचा. आमच्या इंझोरीकडच्या बोलण्यात काय शब्दांची श्रीमंती होती ती पाहा. मृग कोरडा गेला की जिवाची धाकधूक होते. दुबार पेरणीचे बियाणे आणायचे म्हणजे पैशाची ओढाताण. उधारीवाल्याचे तोंड चुकवताना होते ती कुचंबणा. रात्री झोप न येता होते ती तगमग. रोजच्या कटकटीला माणूस 'कावून' जातो. पोरीच्या लग्नाचा घोर लागतो. आणि एखादा माणूस एखाद्या गोष्टीची हाय खातो, तेव्हा घरच्यांनी जागे व्हायचे असते. या साऱ्या दुःखाच्या पायऱ्या आहेत. माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे शब्दावरून कळत होते. टेन्शनला पायऱ्या नाहीत. धाकधूक झालेलाही टेन्शनमध्ये आणि हाय खाल्लेलाही टेन्शनमध्येच! मग कोणाला चहा पाजून चालेल आणि कोणाला एकटे सोडू नये, हे कसे कळणार?

आणखी एक गंमत बघा. घोर लागतो, संकट येते, धाकधूक होते. या सर्व गोष्टी माणसावर बाहेरून कोसळतात. टेन्शन मात्र माणूस 'घेतो'. "टेन्शन घेऊ नको," असे आपण किती सहज म्हणतो! जणू त्याने दुकानातून ते विकत आणले आणि आता परत करायचे आहे. कर्ज, नापिकी, पडलेला भाव हे सगळे बाजूला राहते आणि दोष त्याच्या मनावर येतो. बोलणारा मोकळा होतो. ऐकणारा मात्र गप्प होतो.

शब्द बदलला की दुःखाचा हिशेबही बदलतो, हे सरकारला आपल्यापेक्षा चांगले कळते. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी 'स्केअर्सिटी' म्हणजे टंचाई आली. पुढे नऊच वर्षांत १९७२ उजाडले. कागदावर टंचाई होती. पण लोक खडी फोडत होते ती दुष्काळाची. आजही आमची आजी बहात्तरचा 'दुष्काळ'च म्हणते. बहात्तरची टंचाई म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. तोच खेळ पुढेही चालला. 'दुष्काळसदृश परिस्थिती' या शब्दातले 'सदृश' गळून पडायला आणि सुमारे २९,००० गावांत दुष्काळ आहे असे सरकारने म्हणायला २०१६ चा मे महिना उजाडावा लागला, आणि तेही प्रकरण उच्च न्यायालयात असताना.

याहून जिवाशी भिडणारे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना खास पॅकेज दिले, त्यांत आपला वाशीम होता. त्याच वर्षीच्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी कारणे ठरली ती तीन : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्ज परतफेडीचा तगादा. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे त्यावरून ठरू लागले. आता दुःखाने सुन्न झालेले घर चौकशीला आलेल्या माणसाला एवढेच सांगते, "ते टेन्शनमध्ये होते." तीन शब्दांच्या त्या यादीत हा शब्द कुठे आहे? ज्या शब्दाने घराचे सगळे दुःख सांगितले असे घराला वाटते, त्या शब्दाने कागदावर काहीच सांगितलेले नसते.

असे असले तरी या शब्दाचा एक उपकार मी विसरणार नाही. आमच्याकडे बाप्या माणसाने "मला भीती वाटते" म्हणणे कमीपणाचे समजतात. "थोडं टेन्शन आहे," असे मात्र तो पारावर चारचौघांत म्हणू शकतो. त्या शब्दाने बंद दाराला एक फट पाडली आहे. ती बुजवू नये. फक्त त्या फटीतून आत डोकावण्याची तसदी आपण घेतली पाहिजे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. बँकेचा कागद आला की तो माझ्या हाती येतो. 'ओव्हरड्यू' म्हणजे काय, हे मी वडिलांना सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हेच काम असेल. मित्रहो, इंग्रजी कागदाचा अर्थ घरच्यांना समजावून देतो, तसा घरच्यांच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपण समजून का घेऊ नये? वडील "टेन्शन आहे" म्हणाले, तर "घेऊ नका" असे न म्हणता "कशाचं?" असे विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल. पण ते येईल तेव्हा त्यात रक्कम असेल, तारीख असेल, एखाद्याचे नाव असेल. रकमेवर, तारखेवर काहीतरी उपाय शोधता येतो. टेन्शनवर येत नाही. आणि उत्तर ऐकून आपल्याच पोटात गोळा आला, तर ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

शब्द कुठलाही वापरा, मराठी की इंग्रजी, याला माझी हरकत नाही. पण त्यापुढचा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका, एवढेच माझे मागणे आहे.

— बी. ए. भाग २, इंझोरी